रक्त आटते म्हणजे काय?

'रक्त आटवून मुलांना शिकवले' हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो आणि कधीकधी स्वतःही म्हणतो. मराठीत रक्ताचे काय काय होते! रागाने ते तापते, भीतीने गोठते आणि कष्टाने आटते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी शब्दशः घेण्यासारख्या नाहीत. तिसरी मात्र बऱ्याच अंशी खरी आहे. उन्हात घाम गाळून काम करणाऱ्या माणसाचे रक्त खरोखरच थोडे आटते, म्हणजे त्यातले पाणी कमी होऊन ते दाट होते. दाट झालेले रक्त कसे वाहते, त्याने काय बिघडते आणि व्यायामाचा त्याच्याशी काय संबंध, हे समजायला विज्ञानाला तीनशेहून अधिक वर्षे लागली. ती गोष्ट आज पाहू या. तिचा शेवट थेट शाळेच्या मैदानावर, कवायतीच्या तासाला होतो, म्हणून शिक्षकांनी ती जरूर वाचावी.

सुरुवात मात्र एका औद्योगिक वसाहतीपासून करू. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. वैशाखातली दुपार आहे, पारा ४० अंशांच्या वर गेला आहे. एखाद्या रसायनांच्या कारखान्याच्या आवारात डोकावले तर नळांचे जाळे दिसते. जाड नळ, बारीक नळ, मध्येच पंप, झडपा, दाब दाखवणारे काटे. एखादा द्रव एका टाकीतून दुसऱ्या टाकीत न्यायचा तर तिथल्या इंजिनिअरला तीन गोष्टींचा हिशेब करावा लागतो. पंपाचा दाब किती, नळी किती रुंद आणि किती लांब, आणि द्रव किती दाट. पाण्याला चालणारा पंप काकवीसारख्या दाट द्रवाला पुरत नाही, हे तिथल्या साध्या हेल्परलाही ठाऊक असते.

त्या नळांखालून घाम पुसत जाणाऱ्या कामगाराच्या शरीरातही असेच एक जाळे आहे. हृदय हा पंप. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्या, परत आणणाऱ्या नीला आणि दोन्हींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्या हे नळ. आणि रक्त हा द्रव. पंप आणि नळ यांचा हिशेब विज्ञानाने आधी मांडला. द्रवाचा हिशेब मात्र फार उशिरा झाला.

हार्वेचा गुणाकार

सोळाव्या शतकापर्यंत युरोपातले वैद्य गेलन या प्राचीन वैद्याचे म्हणणे प्रमाण मानत. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शरीरभर पसरते आणि शेतात सोडलेल्या पाण्यासारखे तिथेच जिरते, असा तो विचार होता. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तो मोडीत काढला. त्याच्या हत्यारांपैकी एक होते साधे अंकगणित.

हृदयाच्या एका ठोक्यात समजा फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडते. अर्ध्या तासात हृदयाचे हजाराहून अधिक ठोके पडतात. म्हणजे अर्ध्या तासात ५०० औंस, सुमारे १४ किलो रक्त! एवढे रक्त दर अर्ध्या तासाला अन्नातून तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे.

हार्वेचा अंदाज तसा कमीच होता. आजचे आकडे घेऊन हा गुणाकार वर्गात करून पाहावा. विश्रांतीच्या स्थितीत मोठ्या माणसाचे हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाला सुमारे ५ लिटर आणि तासाला ३०० लिटर. एमआयडीसीत दिसणारे निळे पिंप २०० लिटरचे असते. म्हणजे मुठीएवढा हा पंप तासाला दीड पिंप द्रव ढकलतो, तोही रात्रंदिवस.

हार्वेचा दुसरा पुरावा प्रत्येकाला स्वतःच्या हातावर पाहता येतो. हात थोडा वेळ खाली सोडून ठेवला की मागच्या बाजूच्या निळसर नीला फुगतात. त्यातली एक नीला बोटांच्या बाजूला एका बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त मनगटाकडे ओढून सारा. मधला भाग रिकामा होतो आणि वरचे बोट उचलले तरी बहुधा रिकामाच राहतो. रक्त उलटे येत नाही, कारण नीलांमध्ये एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. खालचे बोट उचलताच नीला भरते. या झडपांचे वर्णन हार्वेचे पादुआ येथील गुरू फॅब्रिसियस यांनी १६०३ साली प्रसिद्ध केले होते. त्यांचा खरा अर्थ मात्र शिष्याला लागला.

रोहिणीतून निघालेले रक्त नीलेत शिरते कुठून, हे हार्वेला दिसले नव्हते. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. १६६१ साली इटलीच्या माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि साखळी पूर्ण झाली.

पंपाचा दाब मोजल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला तो १७३३ साली. स्टीफन हेल्स हे इंग्लंडमधले एक धर्मोपदेशक. त्यांनी घोडीच्या रोहिणीला काचेची उंच नळी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले आणि ठोक्यागणिक खालीवर होत राहिले. आज दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून आपण जे मोजतो त्याचा हा पूर्वज.

प्वाझय आणि चौथा घात

आता नळीचा हिशेब. ज्याँ लेओनार मारी प्वाझय हे पॅरिसमधले डॉक्टर. त्यांचे शिक्षण वैद्यकाबरोबर गणित-भौतिकशास्त्राचेही झाले होते. १८२८ साली त्यांनी रक्तदाब मोजण्यासाठी पाऱ्याची वाकडी नळी वापरली. त्यामुळे हेल्स यांच्यासारखी उंच नळी लागेनाशी झाली. पुढे त्यांना प्रश्न पडला, की केसाएवढ्या बारीक नळीतून द्रव नेमका किती वाहतो?

त्यांनी काचेच्या अतिशय बारीक नळ्या घेतल्या आणि कमालीच्या चिकाटीने मोजमापे केली. १८४० ते १८४६ या काळात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जर्मनीत हागेन या अभियंत्याने १८३९ साली स्वतंत्रपणे असेच निष्कर्ष काढले होते. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. नळीची लांबी दुप्पट केली की निम्मा होतो. यात आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. नळीचा व्यास दुप्पट केला, तर प्रवाह दुप्पट नाही, चौपटही नाही, तर १६ पट होतो! प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो.

उलट बाजूने हा नियम भयंकर आहे. एखाद्या नळीचा व्यास फक्त १० टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे १ चा ०.९ झाला, तर प्रवाह ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.६६ उरतो. व्यासातली दहा टक्क्यांची घट प्रवाहात एक तृतीयांश घट करते. व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळावा हिस्सा. बारीक वाहिन्या किंचित आकुंचन पावल्या तरी रक्तदाब का चढतो, हे यातून कळते. शरीरही याच नियमाचा उपयोग करून घेते. बारीक रोहिण्या थोड्या सैल केल्या, थोड्या आवळल्या की रक्त हवे तिकडे वळते.

वर्गात हे दाखवायचे असेल तर प्लास्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांना तळाजवळ भोके पाडा. एकीत बॉलपेनची रिकामी, स्वच्छ धुतलेली रिफिल बसवा आणि दुसरीत तेवढ्याच लांबीची सरबताची नळी. फटी मेणाने बुजवा. दोन्हींत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरून एका मिनिटात किती पाणी बाहेर येते ते मोजा. व्यासाच्या चौथ्या घाताचे गुणोत्तर हुबेहूब मिळणार नाही. रुंद नळीत पाणी घुसळत वाहते, आणि प्वाझय यांचा नियम शांत, थराथराने वाहणाऱ्या द्रवाचा आहे. पण व्यास थोडा वाढला की प्रवाह खूप वाढतो, एवढे मुलांच्या नक्की लक्षात येईल.

आता या गोष्टीतली खरी गंमत. रक्ताचे कोडे सोडवायला निघालेल्या प्वाझय यांनी ही मोजमापे केली कशाने? पाण्याने! बाहेर काढलेले रक्त गोठते, बारीक नळीत अडकते. त्या काळी ते गोठू न देण्याचा सोयीचा उपाय हाताशी नव्हता. त्यामुळे नियम मिळाला तो पाण्यासारख्या द्रवांचा. द्रवाच्या दाटपणाला शास्त्रात विष्यंदिता म्हणतात. तिचे 'पॉइज' हे एकक प्वाझय यांच्याच नावावरून आले. पण रक्त स्वतः हा नियम पाळते का, हा प्रश्न शिल्लक राहिला. मधल्या काळात रक्ताची विष्यंदिता मोजणारे लोक झाले, पण खरा धक्का बसायला ९० वर्षे जावी लागली.

भाकऱ्यांची चवड

१९१८च्या सुमारास स्वीडनमध्ये रॉबिन फोरेउस हा तरुण डॉक्टर एक साधी गोष्ट पाहत होता. गोठू न दिलेले रक्त उभ्या नळीत ठेवले की तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात आणि वर पिवळसर रक्तद्रव राहतो. गरोदर स्त्रियांच्या रक्तात पेशी भराभर खाली बसतात असे त्यांना दिसले. पेशी खाली बसण्याच्या वेगाचा आजाराशी संबंध आहे, हे पोलंडच्या बिअरनात्स्की यांनी १८९७ सालीच सांगितले होते. फोरेउस यांनी त्याचे कारण खोलवर शोधून १९२१ साली मांडले. रक्त तपासणीच्या कागदावर आजही 'ईएसआर' म्हणून जो आकडा येतो, तो हाच.

पेशी भराभर का बसतात? तांबडी पेशी चकतीसारखी असते, मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली. रक्त संथ असले की या चकत्या एकीवर एक बसतात. टोपलीत भाकऱ्यांची चवड रचावी तशा. रक्तद्रवातले फायब्रिनोजेन हे प्रथिन या चवडी जुळवायला मदत करते. गरोदरपणात आणि अंगात जंतुसंसर्ग किंवा दाह असताना ते वाढते. मग चवडी मोठ्या होतात आणि जड होऊन लवकर खाली बसतात.

चवडी झालेले रक्त दाट असते. मात्र रक्त वेगाने वाहू लागले की चवडी सुटतात, पेशी सुट्या होतात आणि रक्त पातळ होते. दही ढवळले की पातळ होते, काहीसे तसे. फरक एवढाच, की दही पुन्हा लवकर घट्ट होत नाही आणि रक्तातल्या चवडी प्रवाह मंदावताच पुन्हा जमतात. पाण्याचे असे नाही. पाणी संथ असो वा वेगवान, त्याची विष्यंदिता तीच राहते. रक्ताची विष्यंदिता मात्र वाहण्याच्या वेगावर अवलंबून असते. सर्वसाधारणपणे ते पाण्याच्या चार-पाच पट दाट असते, पण हा आकडा स्थिर नाही.

१९३१ साली फोरेउस आणि टॉर्स्टन लिंडक्विस्ट यांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. नळी ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक केली की रक्त अधिकच पातळ असल्यासारखे वाहते. कारण पेशी मध्यभागी गोळा होतात आणि नळीच्या भिंतीलगत पातळ रक्तद्रवाचा थर राहतो. जणू वंगणच! प्वाझय यांचा नियम खोटा ठरला नाही, पण रक्त म्हणजे पाणी नव्हे, हे सिद्ध झाले.

यापुढची कमाल तांबड्या पेशीच्या लवचिकपणाची. तिचा व्यास सुमारे ८ मायक्रोमीटर आणि काही केशवाहिन्यांची रुंदी ५ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणजे दारापेक्षा माणूस रुंद! पेशी वाकते, दुमडते आणि पलीकडे जाऊन पुन्हा मूळ आकारात येते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवस आणि शरीराची एक फेरी साधारण मिनिटाची. म्हणजे एका आयुष्यात तिच्या पावणेदोन लाखांच्या आसपास फेऱ्या होतात. हा लवचिकपणा गेला तर काय होते, ते पुढे पाहू.

चालणाऱ्याचे रक्त

डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रो यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी. काम करणाऱ्या स्नायूत विश्रांतीपेक्षा कितीतरी अधिक केशवाहिन्या रक्ताने भरलेल्या असतात, असे त्यांनी दाखवले. नंतरच्या संशोधनात हे चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले, पण मुख्य गोष्ट पक्की आहे. व्यायाम करताना स्नायूंकडे रक्ताचा लोंढा वळतो. विश्रांतीत मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलणारे हृदय जोराच्या व्यायामात २० लिटरपर्यंत जाते, सराव झालेल्या खेळाडूंत त्याहूनही पुढे. त्यातला बहुतेक वाटा स्नायूंना मिळतो.

पायांतले रक्त वर चढवायला हृदयाला मदत करते ती पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू नीलांना पिळतात आणि हार्वेच्या झडपा रक्ताला फक्त वरच जाऊ देतात. आठ तास यंत्रापुढे एकाच जागी उभ्या राहणाऱ्या कामगाराला आणि फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला ही मदत मिळत नाही. रक्त पायांत साचते, घोट्याशी सूज येते, वर्षानुवर्षे असेच चालले तर नीला फुगून वेड्यावाकड्या होऊ शकतात. उभ्या उभ्या टाचा उचलणे, अधूनमधून चार पावले चालणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

चालण्याचा आणि हृदयविकाराचा संबंध आकड्यांत दाखवणारा पहिला मोठा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर पाळीत पाचशेहून अधिक पायऱ्या चढणारा. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी बहुधा सौम्य. मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला आणि हे त्यांनी १९५६ साली प्रामाणिकपणे छापले. म्हणजे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. तरी पुढच्या अनेक अभ्यासांनी व्यायामाच्या बाजूनेच कौल दिला.

या फायद्यात रक्ताच्या दाटपणाचा वाटा किती? एडिंबरो येथे ५५ ते ७४ वयाच्या सुमारे १६०० स्त्रीपुरुषांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. १९९७ साली निष्कर्ष आला, की ज्यांना पुढे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आला, त्यांच्या रक्ताची विष्यंदिता सरासरीने आधीपासूनच अधिक होती. दाटपणा हेच कारण असे यावरून म्हणता येत नाही. ती नुसती सोबतही असू शकते. धूम्रपानाने फायब्रिनोजेन आणि तांबड्या पेशींचे प्रमाण दोन्ही वाढतात, म्हणजे रक्त दाट होते. त्यामुळे विडी-सिगारेट सोडणे हा या बाबतीतही पहिला उपाय आहे.

व्यायामाचे दोन परिणाम एकमेकांच्या उलट आहेत, ते नीट वेगळे केले पाहिजेत. व्यायाम चालू असताना घाम जातो, रक्तद्रवातले पाणी कमी होते आणि रक्त दाट होते. पण रोज व्यायाम करणाऱ्याच्या शरीरात काही दिवसांतच रक्तद्रव वाढतो. ही वाढ १० ते २० टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे रक्त तात्पुरते आटते आणि कायमचे पातळ होते! म्हणूनच चांगल्या धावपटूचे हिमोग्लोबिन तपासणीत थोडे कमी दिसते. तो नेहमी रक्तक्षय नसतो. मात्र आपल्याकडे मुलींमध्ये लोहाच्या कमतरतेचा खरा रक्तक्षय फार आहे. तेव्हा शाळेतल्या धावपटू मुलीचा आकडा कमी आला तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

उलट मार्ग धरणारेही निघाले. पेशी वाढल्या तर प्राणवायू अधिक मिळेल, म्हणून काही सायकलपटू पेशी वाढवणारे औषध चोरून घेऊ लागले. पण पेशी फार वाढल्या की रक्त इतके दाट होते की हृदयाला ते ढकलवत नाही. १९९७ साली जागतिक सायकल संघटनेला पुरुषांच्या रक्तातील पेशींच्या प्रमाणावर ५० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

इथे एक गैरसमज दूर करू. डॉक्टर देतात ती 'रक्त पातळ करणारी गोळी' रक्ताची विष्यंदिता कमी करत नाही. ती गुठळी होण्याची क्रिया रोखते. दाटपणा आणि गोठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचप्रमाणे, ज्याच्या शरीरात पाणी पुरेसे आहे त्याने तांब्यावर तांबे पाणी पिऊन रक्त अधिक पातळ होत नाही. जास्तीचे पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

पेशीचा लवचिकपणा हरवतो तेव्हा

आता महाराष्ट्राच्या अगदी जवळचा प्रश्न. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका आजारी विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे वर्णन केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले. हा आहे सिकलसेल. या हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना जुळून ताठ दोरे बनतात आणि पेशी वाकडी व कडक होते. भाकरीसारखी दुमडणारी पेशी जणू कडक पापड बनते. केशवाहिनीच्या दारात ती अडकते. मग मागचे रक्त थांबते आणि असह्य वेदना होतात.

भारतात हा दोष असल्याचे १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींच्या तपासणीतून जाहीर झाले. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या, नागपूरकडच्या लोकांत तो असल्याचे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज पूर्व विदर्भ, गडचिरोली, नंदुरबार या भागांत हा प्रश्न मोठा आहे आणि तो केवळ आदिवासींपुरता नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते.

सहसा, असे म्हटले. का, ते पाहा. १९७० साली अमेरिकेतून एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस या समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या लष्करी तळावर प्रशिक्षणात जोराचे श्रम केल्यानंतर चार नवे जवान दगावले होते. चौघेही फक्त वाहक होते. अतिश्रमाने स्नायूंतला प्राणवायू संपतो, आम्ल वाढते, घामाने पेशी आतून कोरड्या होतात आणि वाहकाच्या पेशीसुद्धा कडक होऊ लागतात.

मग वाहकांना व्यायाम बंद करायचा का? मुळीच नाही. अमेरिकेच्या लष्कराने सगळ्याच जवानांसाठी उन्हात पाणी, ठरावीक विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने सराव असे नियम लागू केले. २०१६ साली सुमारे ४८ हजार जवानांची माहिती तपासली गेली. त्यात वाहकांचे मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका मात्र वाहकांत काहीसा जास्त दिसला. म्हणजे काळजी घ्यावी लागतेच. पण ती सर्वांचीच घेतली की कोणा एकाला रांगेतून बाहेर काढून वेगळे उभे करावे लागत नाही.

मैदानावर

आता चिंचोळीच्या कामगाराकडे परत येऊ. वैशाखात जड काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. पिण्याचे पाणी जवळ नसेल तर रक्तद्रव घटतो, रक्त दाट होते, हृदयाला तेच काम जास्त ठोके मारून करावे लागते. त्याच वेळी अंग थंड ठेवण्यासाठी कातडीलाही रक्त हवे असते. पंप तोच, नळ तेच, द्रव मात्र आटलेला. सावली, पाणी आणि विसावा यांची सोय करणे म्हणजे कामगाराचे लाड नव्हेत, हे प्वाझय आणि फोरेउस यांच्या मोजमापांतून निघणारे साधे उत्तर आहे.

कारखान्याच्या गेटवर जे खरे, तेच शाळेच्या मैदानावर. आपल्या वर्गात कोण वाहक आहे हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. त्या मुलालाही नसते. ताप येऊन नुकताच उठलेला मुलगा, उपाशीपोटी आलेली मुलगी यांचे रक्त कसे वाहत असेल, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून काही गोष्टी सगळ्यांसाठीच पाळाव्यात. कवायत आणि धावणे सकाळी लवकर घ्यावे. आधी आणि मध्ये पाणी प्यायला सोडावे. सराव पहिल्याच दिवशी जोरात न घेता आठवड्या-दोन आठवड्यांत वाढवावा. पाय दुखतात, दम लागतो, चक्कर येते असे कोणी म्हणाले तर 'नाटक करू नको' न म्हणता त्याला सावलीत बसवावे, पाणी द्यावे आणि बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्यावे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे असे माहीत आहे, त्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. आणि उशिरा आल्याबद्दल भर उन्हात मैदानाला दहा फेऱ्या मारण्याची शिक्षा कोणालाच कधीही देऊ नये.

मुलांसाठी रक्त आटवणारे शिक्षक पुष्कळ आहेत. मुलांचे रक्त आटू नये, एवढे पाहणे तर त्याहून सोपे आहे. त्याला लागतो पाण्याचा एक माठ आणि मुलांना पाणी पिऊ देणारी पाच मिनिटे.